मूकपटांतला हसरा प्रणय

१८९६ साली एडिसनच्या कंपनीने 'द किस' नावाची जेमतेम वीस सेकंदांची फिल्म काढली. 'द विडो जोन्स' या त्या वेळच्या लोकप्रिय नाटकातले मे आयर्विन आणि जॉन राइस हे दोघे तिच्यात गालाला गाल लावून बसतात, काहीतरी कुजबुजतात, राइस मिशा सावरतो आणि मग चुंबन घेतो. दोघांपैकी कोणालाही देखणे म्हणणे कठीण होते. तरी लोकांनी ही फिल्म पुन्हा पुन्हा पाहिली, आणि नीतीच्या राखणदारांनी नाके मुरडली. तिच्यातले चुंबन क्षणाचे आहे; गंमत आहे ती त्याच्या आधीच्या तयारीत, त्या मिशा सावरण्यात. प्रेम करायला निघालेला माणूस बाजूने पाहणाऱ्याला थोडा हास्यास्पद दिसतोच, हे कॅमेऱ्याने पहिल्याच वर्षांत टिपले होते.

इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या जॉर्ज आल्बर्ट स्मिथने १८९९ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याच्या फिल्ममध्ये आगगाडी बोगद्यात शिरते, डब्यात अंधार होतो आणि समोरासमोर बसलेले स्त्री-पुरुष ती संधी साधतात. गाडी उजेडात येते तेव्हा दोघे जणू काही घडलेच नाही अशा थाटात बसलेले असतात. स्मिथ आणि त्याची पत्नी लॉरा बेली यांनीच या भूमिका केल्या. १९०३ मध्ये एडविन पोर्टरने 'द गे शू क्लर्क' काढला. जोड्यांच्या दुकानातला पोऱ्या तरुणीच्या पायात बूट चढवतो, कॅमेरा तिच्या घोट्याजवळ जातो, पोऱ्याचा धीर वाढतो, तो चुंबन घेतो आणि सोबत आलेली प्रौढ बाई त्याला छत्रीने बडवते. एका मिनिटाच्या या चित्रांत पुढच्या पंचवीस वर्षांचे भांडवल आले आहे: दोघे जण, हातची निसटू पाहणारी संधी आणि छत्री घेऊन उभे असलेले जग.

१९०५ मध्ये पिट्सबर्गमध्ये पाच सेंटांत चित्रपट दाखवणारे 'निकेलोडियन' सुरू झाले आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या शहरांत अशी हजारो छोटी चित्रपटगृहे उभी राहिली. तिथे गिरणी-कारखान्यांतले कामगार, दुकानांत आणि कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या मुली, युरोपातून नुकतेच आलेले आणि इंग्रजी न समजणारे लोक गर्दी करत. नाटकाच्या तिकिटाला जेवढे पैसे लागत, त्याच्या अगदी थोड्या भागात तासभराची करमणूक होई. शिवाय घरच्या एक-दोन खोल्यांत ज्यांना दोन शब्द एकांतात बोलता येत नसत, अशा तरुण जोडप्यांना इथे शेजारी शेजारी बसता येई. पडद्यावर जे अडथळे दिसत, त्यांतले बरेचसे या प्रेक्षकांच्या ओळखीचे होते.

पहिले लोकप्रिय जोडपे मात्र तरुण नव्हते. व्हिटाग्राफ कंपनीचा गोलमटोल जॉन बनी आणि काटकुळी फ्लोरा फिंच यांनी १९१० ते १९१५ या काळात नवरा-बायकोच्या कुरबुरींवर एकेका रिळाचे अनेक चित्रपट केले. 'अ क्युअर फॉर पोकरायटिस' (१९१२) मध्ये नवऱ्याचे पत्त्यांचे व्यसन सोडवण्यासाठी बायको खोट्या पोलिसांचा छापा घडवून आणते. १९१५ मध्ये बनी वारला आणि त्याची जागा सिडनी ड्रू व त्याची पत्नी ल्युसिल मॅकव्हे यांच्या चित्रपटांनी घेतली. त्यांच्या विनोदात आपटाआपटी नव्हती. विसरलेला लग्नाचा वाढदिवस, लपवलेली उधळपट्टी, आलेला पाहुणा एवढ्यावर त्यांचे काम चाले. ल्युसिल लेखनही करत असे. हे चित्रपट आज फारसे कोणाला आठवत नाहीत, पण प्रेमातला विनोद लग्नानंतरही संपत नाही ही त्यांची समजूत पुढे दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या फार उपयोगी पडली.

तरुण प्रेमाला खरी चपळाई दिली ती मेबल नॉर्मंडने. १९१२ मध्ये ती दिग्दर्शक मॅक सेनेटबरोबर किस्टोन कंपनीत आली. पळापळ, पडापड आणि पोलिसांचा गोंधळ यांसाठी ही कंपनी प्रसिद्ध. त्या धुमाळीत मेबलने एक नवी नायिका उभी केली. ती रुसते, मारते, पाण्यात उडी घेते आणि प्रियकराला बावळट ठरवूनही त्याच्यावर प्रेम करते. १९१४ पासून ती स्वतः चित्रपट दिग्दर्शितही करू लागली. रॉस्को आर्बकलबरोबरच्या 'फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट' (१९१६) मध्ये एक अगदी वेगळा क्षण आहे. मेबल झोपी गेली आहे, धिप्पाड आर्बकल दाराशी उभा आहे, आणि त्याची सावली तिच्यावर वाकून तिचे चुंबन घेते. त्यानंतर घर समुद्रात वाहून जाते वगैरे नेहमीची धमाल होतेच. पण ज्या कंपनीत सगळे काही लाथा-बुक्क्यांनी सांगितले जाई, तिथे सावलीकडून काम करून घ्यावे असे कोणाला तरी सुचले होते.

युरोपात हा प्रकार जास्त सभ्य पोशाखात वावरत होता. फ्रान्समध्ये १९०५ पासून पाथे कंपनीत असलेला माक्स लँदेर उंच टोपी, हातमोजे आणि छडी अशा थाटात प्रेयसीच्या मागे धावत असे आणि त्याच्या सगळ्या फजितीचे मूळ हा थाट न मोडण्याच्या धडपडीत असे. स्वीडनमध्ये मॉरित्झ स्टिलरने 'थॉमस ग्रालचा सर्वोत्तम चित्रपट' या अर्थाच्या नावाचा चित्रपट १९१७ मध्ये केला. पटकथालेखक आपल्या टायपिस्ट मुलीच्या प्रेमात पडतो. तिने स्वतःच्या गरिबीची रचून सांगितलेली करुण कहाणी तो खरी मानतो आणि तिच्यावर पटकथा लिहून काढतो. मुलगी खरी श्रीमंत घरची असते. नायक प्रत्यक्ष मुलीवर प्रेम करतो की स्वतः लिहिलेल्या मुलीवर, हा प्रश्न स्टिलरने इतक्या लवकर आणि इतक्या हलक्या हाताने विचारला, याचे आजही आश्चर्य वाटते.

या चित्रपटांना आवाज नव्हता, पण ते शांत मात्र कधीच नव्हते. छोट्या चित्रपटगृहात पियानो, मोठ्या ठिकाणी ऑर्गन किंवा वाद्यवृंद वाजत असे, आणि दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या प्रेक्षक मोठ्याने वाचत. या पाट्यांचे लेखन ही एक वेगळी कलाच झाली. अनिटा लूस ही तिच्यातली सर्वांत तल्लख. १९१६ मध्ये डग्लस फेअरबँक्ससाठी लिहिलेल्या 'हिज पिक्चर इन द पेपर्स'पासून तिने पाटीला माहितीच्या कामातून सोडवून चिमटे काढायला शिकवले. तिने आणि तिचा पती जॉन इमर्सन याने पुढे कॉन्स्टन्स टालमॅजसाठी 'अ व्हर्चुअस व्हँप' (१९१९) सारखे चित्रपट लिहिले, ज्यांत नायिका पुरुषांना मोहात पाडण्याच्या आपल्या सवयीपुढे स्वतःच हतबल असते. पाटीचा आणखी एक व्यावहारिक फायदा होता. ती कापून दुसऱ्या भाषेतली जोडली की चित्रपट परदेशी जायला मोकळा. प्रेक्षक बर्लिनचा असो, टोकियोचा असो की मुंबईचा, नायिकेच्या ओठांवरचा शब्द त्याला हवा तसा ऐकू येई.

मूकपटाच्या प्रणयविनोदाची ओढ समजून घेताना नेमके इथेच थांबावे लागते. संवाद नाहीत म्हणून या चित्रपटांनी काहीतरी गमावले आणि अभिनयाने ते भरून काढले, असे सांगण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. प्रेमाच्या सुरुवातीला माणसाजवळ शब्द नसतातच. असतात ते चुकीचे असतात किंवा चुकीच्या वेळी येतात. मूकपटाजवळ जे नव्हते, तेच त्याच्या नायकाजवळही नव्हते. त्यामुळे माध्यमाची मर्यादा आणि गोष्टीचा विषय एकमेकांवर बरोबर बसले, आणि नाटकाला किंवा कादंबरीला जे वर्णन करून सांगावे लागे ते इथे टोपी, दार, बूट, कुत्रे, खिडकी यांच्याकडून आपोआप घडू लागले.

एर्न्स्ट लुबिचने ही वस्तूंची भाषा सर्वांत पुढे नेली. बर्लिनमध्ये त्याने 'कालवांची राजकन्या' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट १९१९ मध्ये केला. अमेरिकेतल्या एका कोट्यधीशाची मुलगी बूटपॉलिश-सम्राटाच्या मुलीने काउंटशी लग्न केले म्हणून घरातल्या वस्तूंची आदळआपट करते आणि राजपुत्रच हवा म्हणून हटून बसते. राजपुत्र कफल्लक, तो चौकशीला मित्राला पाठवतो आणि गडबडीत मित्राचेच त्याच्या नावाने लग्न लागते. शेवटी खरा राजपुत्र आणि ती मुलगी मद्यमुक्तीच्या ठिकाणी भेटून प्रेमात पडतात, तेव्हा आपण आधीच नवरा-बायको आहोत असे त्यांना कळते. या गोंधळात ओसी ओस्वाल्डा या अभिनेत्रीचा दांडगा उत्साह पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेत गेल्यावर लुबिचचा हात हलका झाला. तिथे सेसिल डिमिलने 'डोन्ट चेंज युवर हजबंड' (१९१९) आणि 'व्हाय चेंज युवर वाइफ?' (१९२०) या ग्लोरिया स्वॉन्सनच्या चित्रपटांतून लग्न, घटस्फोट आणि पुन्हा लग्न हा विषय झगमगीत कपड्यांसह लोकप्रिय केला होता. चॅप्लिनच्या 'अ वूमन ऑफ पॅरिस' (१९२३) मध्ये स्त्रीच्या कपाटातून चुकून पडलेली पुरुषाची कॉलर सगळी हकिगत सांगून जाते. लुबिचने दोन्ही धडे घेतले. त्याचा 'द मॅरेज सर्कल' (१९२४) सुरू होतो तो व्हिएन्नातल्या एका प्राध्यापकाच्या मोज्याच्या भोकापासून. प्राध्यापक नवा मोजा शोधतो. त्याच्या खणात फारसे काही नाही आणि बायकोचा खण मात्र मोज्यांनी भरलेला. एकही पाटी न येता लग्न कुठवर आले आहे ते कळते. याच चित्रपटात दुसरे, सुखी जोडपे नाश्ता करते. पडद्यावर दिसतात फक्त हात: एक अंड्याचे टरफल फोडतो, दुसरा कॉफी ढवळतो; मग हात थबकतात, चौकटीबाहेर जातात आणि कॉफीचा कप बाजूला सरकतो. सेन्सॉरला कात्री लावायला जागाच नाही. पुढच्या वर्षी त्याने ऑस्कर वाइल्डचे 'लेडी विंडरमिअर्स फॅन' पडद्यावर आणले आणि ज्या चटपटीत वाक्यांसाठी ते नाटक प्रसिद्ध आहे, त्यांतले एकही वापरले नाही. एवढा आत्मविश्वास असलेला दिग्दर्शक त्या दशकात दुसरा नव्हता.

सामान्य प्रेक्षकाच्या जवळचा मात्र हॅरॉल्ड लॉइड. १९१७ पासून त्याने गोल चष्म्याचा, नीटनेटक्या कपड्यांतला, शेजारच्या घरात राहणारा वाटावा असा तरुण उभा केला. विनोदी नटाने विचित्र दिसलेच पाहिजे ही रीत त्याने मोडली आणि त्यामुळेच त्याच्या नायकाचे प्रेम पटण्यासारखे झाले. 'गर्ल शाय' (१९२४) हा त्याचा या प्रकारातला सर्वांत पूर्ण चित्रपट. हॅरॉल्ड एका लहान गावातला शिकाऊ शिंपी. मुली समोर आल्या की तो तोतरा बोलू लागतो आणि शिट्टी वाजली तरच त्याची जीभ सुटते. हाच तरुण रात्री बसून स्त्रियांना वश करण्याच्या उपायांवर पुस्तक लिहितो. आवाज नसलेल्या चित्रपटाचा नायक तोतरा असावा, हा विनोद पहिल्या नजरेत लक्षात येत नाही. शेवटी प्रेयसीचे भलत्याशी लग्न लागत असताना तो मोटार, घोडे, ट्राम, मिळेल ते वाहन पळवत तिथे पोचतो. पोचल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, तेव्हा तिला उचलून घेऊन जातो. एवढे पराक्रम करून झाल्यावर लग्नाची मागणी घालायला त्याला शिट्टीच लागते.

'द किड ब्रदर' (१९२७) मधले एक दृश्य याहूनही साधे आहे. मुलगी निरोप घेऊन उतारावरून निघून जाते. ती टेकडीआड होऊ नये म्हणून हॅरॉल्ड झाडावर चढतो आणि तिला नाव विचारतो. ती आणखी दूर जाते, तो आणखी वर चढतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. कॅमेराही त्याच्याबरोबर वर जातो. शेवटी तो खाली पडतो, पण पडल्यावरही चेहऱ्यावर समाधान. जॉबिना रॉल्स्टन ही या दोन्ही चित्रपटांतली नायिका. लॉइडच्या यशात तिच्या संयत, सावध अभिनयाचा वाटा मोठा होता आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

बस्टर कीटनचा नायक लाजरा नाही; तो प्रेमाला यंत्रासारखे नीट समजून घेऊ पाहतो आणि तिथेच फसतो. 'सेव्हन चान्सेस' (१९२५) च्या सुरुवातीला तो चारही ऋतूंत मुलीच्या फाटकापाशी उभा आहे. दर वेळी मनातले न सांगताच परततो, आणि तिच्या पायाशी असलेले कुत्र्याचे पिल्लू प्रत्येक ऋतूत मोठे होत जाते. पुढे वारसा मिळवण्यासाठी संध्याकाळी सात वाजण्याच्या आत लग्न करण्याची अट येते आणि वधूवेषातल्या शेकडो स्त्रिया त्याचा पाठलाग करतात. पण चित्रपटाचे मर्म त्या वाढणाऱ्या कुत्र्यात आहे. 'द जनरल' (१९२६) मध्ये वाफेचे इंजिन पेटते ठेवायचे असताना प्रेयसी भट्टीत टाकायला एवढीशी काटकी आणून देते. कीटन क्षणभर तिचा गळा दाबायला धावतो आणि लगेच तिचे चुंबन घेतो. संतापाचे प्रेमात रूपांतर होण्याचा इतका छोटा आणि इतका खरा नमुना बोलपटांतही सापडणार नाही.

'शरलॉक ज्युनिअर' (१९२४) मध्ये तो चित्रपटगृहातला प्रोजेक्टर चालवणारा तरुण आहे. शेवटी प्रेयसी समेट करायला केबिनमध्ये येते, पण पुढे काय करावे हे त्याला माहीत नाही. तो खिडकीतून पडद्याकडे पाहतो. पडद्यावरचा नायक नायिकेचा हात हाती घेतो, हाही घेतो. तो अंगठी घालतो, हाही घालतो. तो चुंबन घेतो, हा ओझरते घेतो. मग पडद्यावरचे दृश्य बदलते आणि तिथले जोडपे मांडीवर बाळे घेऊन बसलेले दिसते. मधले काय झाले ते चित्रपटाने दाखवलेले नाही. कीटन डोके खाजवतो. प्रेम कसे करावे हे प्रेक्षक सिनेमातून शिकत होते, याची सिनेमाने केलेली ही सर्वांत अचूक थट्टा.

१९२५ नंतर नायिका कामावर जाऊ लागली. ज्या मुली तिकीट काढून येत, त्यांचीच नोकरी पडद्यावर आली. 'इट' (१९२७) मध्ये क्लारा बो मोठ्या दुकानातली विक्रेती आहे; मालकाच्या मुलाच्या मित्राबरोबर जाण्यासाठी तिच्याकडे समारंभाचा पोशाख नाही, म्हणून ती कामाच्याच कपड्याला कात्री लावून तो तयार करते. 'माय बेस्ट गर्ल' (१९२७) हा मेरी पिकफर्डचा शेवटचा मूकपट. ती स्वस्त वस्तूंच्या दुकानात मालाची ने-आण करणारी मुलगी, आणि नवखा सहकारी म्हणून तिच्या हाताखाली आलेला तरुण हा खरे तर मालकाचा मुलगा. दोघे दुपारचा डबा मालाच्या मोठ्या खोक्यात बसून खातात. नायकाची भूमिका करणाऱ्या बडी रॉजर्सशी पिकफर्डने १९३७ मध्ये लग्न केले. श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी ही गोष्ट स्वप्नरंजनाची आहे हे खरेच. पण गोष्टीतले तपशील, म्हणजे घड्याळावर पंच करायचे कार्ड, दमलेले पाय, एका खोलीतले घर, हे स्वप्नातले नव्हते. पॉल फेयोसच्या 'लोनसम' (१९२८) मध्ये तर श्रीमंतही कोणी नाही. टेलिफोन ऑपरेटर मुलगी आणि कारखान्यातला कामगार सुटीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत भेटतात, वादळाच्या गर्दीत हरवतात आणि आपण एकाच इमारतीत शेजारी राहतो हे त्यांना रात्री कळते.

मुंबईत चॅप्लिन, लॉइड आणि कीटन यांचे चित्रपट लोकप्रिय होते, आणि नोकरी करणारी नायिका इथेही त्याच सुमारास अवतरली. दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीने १९२६ मध्ये 'टेलिफोन गर्ल' काढला. त्याची नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, पूर्वी स्वतः टेलिफोन ऑपरेटर होती. त्याच वर्षी चंदुलाल शहा यांनी सुलोचना आणि गोहर यांना घेऊन 'टायपिस्ट गर्ल' अवघ्या सतरा दिवसांत पुरा केला. १९२७ च्या त्यांच्या 'गुणसुंदरी'ची गोष्ट घरातली आहे: दिवसभर राबून थकलेली पत्नी, दुसरीकडे वळलेला नवरा आणि मग स्वतःही घराबाहेर पडून त्याला जागे करणारी गोहर. इंग्रजी जाहिरातीत या चित्रपटाचे नाव 'व्हाय हजबंड्स गो अस्ट्रे' असे होते. डिमिलच्या शीर्षकांचा सूर त्यात ऐकू येतो, मात्र प्रश्न मुंबईच्या मध्यमवर्गाचा होता.

६ ऑक्टोबर १९२७ ला 'द जाझ सिंगर' हा बोलपट प्रदर्शित झाला आणि दोन वर्षांत अमेरिकेतली निर्मिती बोलपटांकडे वळली. घाईत केलेल्या भरीचा फटका 'लोनसम'लाही बसला. त्यात मागाहून बोलकी दृश्ये घालण्यात आली आणि डोळ्यांनी इतके काही सांगणारी तीच दोघे तिथे एकाएकी अवघडून गेली. चॅप्लिन मात्र अडून बसला. 'सिटी लाइट्स' हा संगीत असलेला पण संवाद नसलेला चित्रपट त्याने ३० जानेवारी १९३१ ला प्रदर्शित केला. आंधळ्या फुलवालीला हा भणंग माणूस श्रीमंत कसा वाटावा, या एका प्रश्नापाशी त्याचे काम फार दिवस अडले होते. उत्तर सापडले ते मोटारीच्या दाराच्या आवाजात. वाहनांच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी भणंग एका उभ्या मोटारीत शिरून दुसऱ्या बाजूने उतरतो. दार लागल्याचे ऐकून मुलगी त्याला धनिक समजते. प्रेक्षकांना न ऐकू येणाऱ्या एका आवाजावर सगळी प्रेमकथा उभी आहे. लुबिचने वस्तूंची भाषा 'ट्रबल इन पॅरडाइज' (१९३२) या बोलपटात नेली; इतर बहुतेकांनी भराभर बोलणारी जोडपी पसंत केली.

आज या प्रकाराबद्दलचे मत जे टिकले त्यावरून बनते आणि जे टिकले ते बरेचसे योगायोगाने टिकले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथल्या जवळपास अकरा हजार मूक कथापटांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे नष्ट झाले आहेत. चॅप्लिन आणि लॉइड स्वतःच्या चित्रपटांचे मालक होते. १९४३ मध्ये घरातल्या फिल्म साठवण्याच्या खोलीला आग लागूनही लॉइडचे मोठे चित्रपट टिकले. कीटनच्या काही प्रती त्याच्या जुन्या घरात पुढे राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला सापडल्या. नायिकांच्या वाट्याला ही व्यवस्था आली नाही. कॉन्स्टन्स टालमॅजचे कितीतरी चित्रपट गेले. कॉलीन मूरने आपल्या प्रती जपून ठेवण्यासाठी एका संग्रहालयाकडे सोपवल्या होत्या, पण त्या तिथे कुजल्या. पुरुष विनोदवीरांनी हा प्रकार घडवला असे जे वारंवार लिहिले जाते, त्यामागे हाही एक हिशेब आहे. आखूड केसांच्या बिनधास्त तरुणीची फॅशन देशभर नेणाऱ्या मूरच्या 'फ्लेमिंग यूथ' (१९२३) चे फक्त एक रीळ उरले आहे.